मैदानावरचे मास्तर

खेळाच्या प्रशिक्षकाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडाने सारखा आरडाओरडा! गावच्या शाळेत तर ड्रिलमास्तर म्हणजे इतर मास्तरांच्या मानाने एक पायरी खालचे, अशीही समजूत असते. वर्गात फळ्यापुढे उभे राहतात ते खरे शिक्षक, आणि मैदानावर असतात ते मुलांना पळवायला ठेवलेले. ही समजूत किती चुकीची आहे हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतल्या जॉन वुडन नावाच्या गृहस्थांचे चरित्र समजून घेतले पाहिजे. महाविद्यालयीन मुलांना बास्केटबॉल शिकवण्यात या माणसाने जन्म घालवला. त्या खेळात त्यांच्याइतके यश पुरुषांच्या दुसऱ्या कोणाही महाविद्यालयीन प्रशिक्षकाला मिळाले नाही. तरीही आपला व्यवसाय कोणता, असे कोणी विचारले तर ते 'शिक्षक' असेच उत्तर देत. हे उत्तर विनयाने दिलेले नव्हते, ते अक्षरशः खरे होते. कसे ते आता पाहू.

प्रथम या खेळाविषयी दोन शब्द. तालुक्याच्या हायस्कुलात किंवा कॉलेजात तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. दोन्ही बाजूंना पाच-पाच गडी, जमिनीपासून दहा फूट उंचीवर एक लोखंडी कडे, कड्याला खाली जाळी. चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा, सोबत्याकडे फेकायचा आणि कड्यातून खाली पाडायचा. १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ नावाच्या एका शिक्षकाने हा खेळ काढला. बाहेर थंडीचे दिवस, मुले आत कोंडलेली. त्यांना चार भिंतींच्या आत खेळता यावे ही त्यामागची कल्पना. व्यायामशाळेच्या सज्जाला त्याने पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, आणि टोपलीवरून खेळाला 'बास्केटबॉल' हे नाव पडले. म्हणजे बघा, या खेळाचा जन्मच मुळी एका शिक्षकाच्या डोक्यातून झाला.

अमेरिकेत महाविद्यालयांच्या सामन्यांना हजारो प्रेक्षक लोटतात. हंगामाच्या शेवटी, मार्च महिन्यात, राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची स्पर्धा सुरू होते. स्पर्धा बाद पद्धतीची. एकदा हरला की तो संघ घरी गेला. अशी ही स्पर्धा वुडन यांच्या संघाने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा जिंकली. त्यांतली १९६७ ते १९७३ ही सात वर्षे तर ओळीने. मध्यंतरी एक काळ असा होता की हा संघ लागोपाठ ८८ सामने जिंकला. पुरुषांच्या या स्पर्धेत दुसऱ्या कोणाही प्रशिक्षकाला पाच विजेतेपदांच्या पुढे जाता आलेले नाही.

आकडे मोठे आहेत खरे. पण मला तुमचे लक्ष दुसऱ्याच एका आकड्याकडे वेधायचे आहे. १९६४ साली पहिले विजेतेपद मिळाले तेव्हा वुडन यांचे वय ५३ वर्षांचे होते, आणि शिकवायला लागून त्यांना एकतीस वर्षे उलटून गेली होती. या एकतीस वर्षांत काय घडले? जगाने टाळ्या वाजवल्या त्या शेवटच्या बारा वर्षांना. परंतु पेरणी आणि निंदणी झाली ती त्याआधीच्या वर्षांत.

जॉन वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० चा, इंडियाना राज्यातल्या एका खेड्यातला. वडील जोशुआ हे साधे शेतकरी. सेंटरटन या गावाजवळ त्यांचे साठ एकरांचे शेत होते. घरात वीज नव्हती, पाण्याचा नळ नव्हता. मुलांना खेळायला चेंडू हवा म्हणून आईने जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबून तो शिवून दिला, आणि वडिलांनी टोमॅटोच्या टोपलीचा तळ काढून ती गवताच्या कोठारात ठोकून दिली. अमेरिका म्हटली की आपल्याला उंच इमारती आणि मोटारी आठवतात. पण हे घर आपल्याकडच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराहून फार निराळे नव्हते.

वडिलांची एक आठवण वुडन म्हातारपणीही सांगत असत. खडीच्या खाणीतून माल भरून गाडी चढावर काढायची होती. एक तरुण गाडीवान घोड्यांना चाबकाने मारीत होता, ओरडत होता, आणि घोडे जागचे हलत नव्हते. जोशुआ पुढे झाले. घोड्यांच्या मानेवरून हात फिरवला, हळू आवाजात काही बोलत त्यांच्याबरोबर चालू लागले, आणि घोड्यांनी गाडी वर काढली. बैल हाकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातली खूण वेगळी सांगायला नको. त्या लहान मुलाने मात्र ती मनात पक्की गाठ मारून ठेवली.

पुढे या घरावर संकट आले. डुकरांना टोचलेली लस सदोष निघाली आणि जनावरे मेली. पीकही बुडाले, डोक्यावर कर्ज होतेच. शेत हातचे गेले. कुटुंब जवळच्या मार्टिन्सव्हिल गावी गेले आणि वडील तिथल्या एका आरोग्यस्नानगृहात नोकरीला लागले. वडिलांनी या नुकसानीबद्दल कोणालाही बोल लावला नाही, असे वुडन सांगत. दुसऱ्यापेक्षा वरचढ व्हायची धडपड करू नका, दुसऱ्याकडून शिका, आणि आपल्याला जितके चांगले होता येईल तितके होण्यात कसूर करू नका, अशी त्यांची मुलांना शिकवण होती. आपल्या हातात असेल त्याची काळजी वाहावी, नसेल त्याचा घोर लावून घेऊ नये, हा त्या शिकवणुकीचा अर्थ.

मार्टिन्सव्हिलच्या हायस्कुलात जॉन बास्केटबॉलपटू म्हणून नावारूपाला आले. १९२७ साली त्यांच्या शाळेने राज्याचे विजेतेपद मिळवले. तिथून ते पर्ड्यू विद्यापीठात गेले. विषय घेतला इंग्रजी वाङ्मय, आणि खेळात वॉर्ड लॅम्बर्ट या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार होऊन देशातल्या उत्तम खेळाडूंत गणले जाऊ लागले. १९३२ साली पदवी मिळाली. आता ते साल आठवा. अमेरिकेत महामंदीचा कहर चाललेला. लग्नासाठी त्यांनी नऊशेहून थोडे अधिक डॉलर साठवले होते. लग्न दोन दिवसांवर आले, आणि बँकच बुडाली! उसने पैसे घेऊन नेल रायली या बालमैत्रिणीशी त्यांनी लग्न केले, आणि केंटकी राज्यातल्या डेटन गावच्या शाळेत नोकरी धरली. इंग्रजी शिकवायचे आणि खेळांचे संघही सांभाळायचे.

पहिल्याच वर्षी त्यांच्या बास्केटबॉल संघाने जिंकले त्याहून अधिक सामने गमावले. पुढे जगज्जेता ठरलेला हा मास्तर नोकरीच्या पहिल्या परीक्षेत चक्क नापास झाला होता, हे नव्या शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पण त्या काळात त्यांच्या मनाला हरण्याजिंकण्याहून अधिक एक गोष्ट लागली. मुलाला वरची श्रेणी मिळाली तर शिक्षक चांगला, न मिळाली तर शिक्षक वाईट किंवा पोरगा आळशी, असा हिशेब पालक करीत. मुलाचा वकूब काय, त्याने कष्ट किती घेतले, याची चौकशी कोणी करीत नसे. हे दुखणे आपल्याकडेही अनोळखी नाही, नाही का? शेजाऱ्याच्या पोराला किती टक्के मिळाले हे विचारल्याशिवाय आपल्याला घास गोड लागत नाही.

वुडन यांनी यावर बराच विचार केला, आणि १९३४ साली यशाची स्वतःची एक व्याख्या कागदावर उतरवली. तिचा आशय असा, की आपल्या अंगी जितके आहे तितके चांगले होण्यासाठी आपण सर्व प्रयत्न केला, ही जाणीव मनाला जी शांती देते तेच यश. मग गुणफलक काहीही म्हणो. या व्याख्येभोवती त्यांनी पंधरा गुणांचा एक 'यशाचा मनोरा' रचला. पायाच्या दोन कोपऱ्यांना उद्योगशीलता आणि उत्साह. मध्ये मैत्री, निष्ठा आणि सहकार्य. आणि वर चढत चढत बाकीचे गुण. हा मनोरा पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. तक्ता बनवला आणि भिंतीवर टांगला, असा हा प्रकार नव्हता. वर्गात नि मैदानावर जे अनुभवाला येई ते तपासून एकेक चिरा ते बसवीत होते.

डेटननंतर साउथ बेंड गावच्या हायस्कुलात त्यांनी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. १९४३ मध्ये युद्धामुळे नौदलात गेले. परत आल्यावर, १९४६ साली, इंडियानातल्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात बास्केटबॉलचे प्रशिक्षक झाले. इथे एक प्रसंग घडला, आणि माझ्या मते तो त्यांच्या दहाही विजेतेपदांच्या तोडीचा आहे.

१९४७ साली या कॉलेजच्या संघाला लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले. मोठा मान होता. पण स्पर्धेचा एक नियम होता, काळ्या वर्णाच्या खेळाडूंना मज्जाव. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. तो काही पहिल्या पाचांतला नव्हता, राखीव गडी होता. त्याला घरी ठेवून बाकीचे गेले असते तर खेळाच्या दृष्टीने फारसे काही बिघडले नसते. त्या दिवसांत असे सर्रास चालत असे आणि कोणी नावेही ठेवली नसती. वुडन यांनी आमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, पुन्हा आमंत्रण आले. या खेपेस तो नियमच मागे घेतला गेला, आणि क्लॅरेन्स वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. कॅन्सस सिटीत त्याला संघाबरोबर हॉटेलात राहता आले नाही, इतका भेद तेव्हा शिल्लक होता. संघ अंतिम सामन्यात हरला. पण वर्गातल्या सर्वांत मागच्या बाकावरच्या मुलासाठी मास्तर किती किंमत मोजायला तयार आहेत, हे साऱ्या संघाने पाहिले. अस्पृश्यतेचे चटके ज्या भूमीला बसलेले आहेत, तिथल्या शिक्षकांना या गोष्टीचे मोल अधिक सांगायला नको.

त्याच साली वुडन कॅलिफोर्नियात गेले. त्याचीही एक गंमत आहे. त्यांच्या मनात जायचे होते मिनेसोटा विद्यापीठात. तिथून टेलिफोन यायचा होता. पण तिकडे बर्फाचे वादळ झाले आणि ठरलेल्या वेळी टेलिफोन लागेना. तेवढ्यात लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा टेलिफोन आला, आणि यांनी होकार दिला. थोड्या वेळाने मिनेसोटाचा निरोप आला. पण दिलेला शब्द मोडायला ते तयार झाले नाहीत. ही हकीकत ते स्वतःच सांगत.

लॉस एंजेलिस म्हटले तरी तिथे काही वैभव वाढून ठेवलेले नव्हते. सरावाची जागा म्हणजे व्यायामशाळेचा वरचा मजला, हवा कोंडलेली. एका बाजूला कुस्तीगीर, दुसऱ्या बाजूला कसरतपटू, आणि मधल्या जागेत बास्केटबॉल. रोज सरावाआधी स्वतः वुडन सोबत्यांना घेऊन जमीन झाडीत आणि ओल्या फडक्याने पुसून काढीत, कारण धुळीवरून पाय घसरतात. पुढे आगीच्या भीतीने तिथे प्रेक्षकांच्या संख्येवरही बंधन आले आणि सामने उसन्या जागी भरवावे लागले. दोन वर्षांनी त्यांच्या जुन्या पर्ड्यू विद्यापीठाने त्यांना बोलावले. मन ओढत होते. पण तीन वर्षांचा करार हवा असा आग्रह सुरुवातीला त्यांनीच धरला होता, याची विद्यापीठाने आठवण करून दिली, आणि ते राहिले. नवे क्रीडागृह तयार झाले ते १९६५ साली. म्हणजे पहिली दोन विजेतेपदे त्या जुन्या व्यायामशाळेत सराव करूनच मिळवलेली आहेत. जागा नाही, साधने नाहीत म्हणून हात जोडून बसलेल्या कोणालाही हे सांगावेसे वाटते.

पहिली पंधरा वर्षे राष्ट्रीय विजेतेपदाने हुलकावणीच दिली. १९६२ मध्ये उपांत्य सामन्यापर्यंत मजल गेली आणि अवघ्या दोन गुणांनी हार झाली. मग असे काय झाले, की १९६४ पासून विजयाची रांगच लागली? याची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे, की पन्नाशी उलटलेला हा मास्तर स्वतः अजून शिकत होता. दर उन्हाळ्यात खेळाचा एकच भाग अभ्यासाला घ्यायचा, त्यावर मिळेल ते वाचायचे, इतर प्रशिक्षकांना प्रश्नावली धाडायची आणि उत्तरांवरून आपली पद्धत तपासायची, असा त्यांचा परिपाठ होता. १९६३ मध्ये जेरी नॉर्मन हे त्यांचे तरुण सहायक एक निराळा डाव सुचवू लागले. सामान्यतः आपण गुण केला की मागे हटून आपल्या कड्याजवळ बचाव करायचा, ही रीत. त्याऐवजी समोरच्याला चेंडू हातात मिळताच, त्याच्याच बाजूला, सगळ्या मैदानभर त्याला घेरायचे. याला उंचीपेक्षा दमसास आणि एकमेकांवरचा भरवसा अधिक लागतो. वुडन यांचा संघ त्या वर्षी बुटका होता, पहिल्या पाचांत साडेसहा फुटांचा एकही गडी नव्हता. सहायकाचे म्हणणे त्यांनी मानले. त्या हंगामात संघ तीस सामने खेळला आणि तीसही जिंकला. हाताखालच्या माणसाकडून शिकण्यात कमीपणा न मानणे ही सोपी गोष्ट नाही, हे कोणत्याही हेडमास्तरांना विचारून पाहा.

दुसरे उत्तर त्यांच्या रोजच्या शिकवण्यात आहे, आणि इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे.

हंगामाच्या पहिल्या दिवशी देशभरातून निवडून आलेली उंचनिंच पोरे समोर बसत. आता मास्तर एखादे तेजस्वी भाषण करणार, असे त्यांना वाटे. मास्तर काय सांगत? पायमोजे कसे घालायचे! मोजा बोटांपासून टाचेपर्यंत हाताने सारखा करायचा, कुठेही चुणी राहता कामा नये. मग बुटाची नाडी एकेका भोकापासून ओढत आणायची. कारण विचाराल तर चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, सराव बुडला की सामना बुडतो. मुले आधी हसत. पुढे त्यांतलीच काही म्हातारी होईपर्यंत या धड्याची आठवण काढीत राहिली.

सराव चाले सुमारे दोन तास. पण त्या दोन तासांची आखणी करायला ते रोज सकाळी सहायकांबरोबर जवळजवळ तेवढाच वेळ बसत. कोणता व्यायाम किती मिनिटे, कोणत्या कड्याखाली, किती चेंडू लागतील, हे लहान कार्डांवर लिहून खिशात ठेवीत. पाच-दहा मिनिटांचा एकेक भाग. शिट्टी वाजली की दुसरा सुरू. कोणी रिकामे उभे राहायचे नाही. मागच्या वर्षांची टिपणेही जपून ठेवलेली असत, म्हणजे गेल्या साली याच सुमारास काय केले होते आणि ते कितपत साधले, हे पडताळता येई. कोणतीही गोष्ट शिकवायची ती पाच पायऱ्यांनी. आधी समजावून सांगायचे, मग करून दाखवायचे, मग मुलांकडून करवून घ्यायचे, चुकेल तिथे दुरुस्त करायचे, आणि हात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचे.

त्यांच्या शेवटच्या हंगामात, १९७४-७५ मध्ये, रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक चांगली कल्पना काढली. उत्तम शिक्षक शिकवतो म्हणजे नेमके काय करतो, हे शोधायला ते वर्गात न जाता वुडन यांच्या मैदानाकडेला जाऊन बसले. पंधरा सरावांत मास्तरांच्या तोंडून निघालेली प्रत्येक गोष्ट त्यांनी टिपून वर्गवारी केली. अशा २,३२६ नोंदी झाल्या. त्यांत काय आढळले? निव्वळ स्तुतीच्या नोंदी शेकडा सातसुद्धा भरल्या नाहीत. नाराजीच्याही तितक्याच, थोड्या कमीच. आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश बोलणे म्हणजे नुसती माहिती! काय करायचे, कसे करायचे, केव्हा करायचे. व्याख्याने नाहीत, उपदेश नाही. चार-सहा शब्दांची वाक्ये. एखादा चुकला तर शिट्टी वाजवायची, बरोबर कसे ते करून दाखवायचे, मग त्याने कसे केले ते दाखवायचे, आणि लगेच पुन्हा बरोबर कसे ते. सगळे मिळून काही सेकंदांचे काम.

ही गोष्ट आपल्या वर्गात आणून पाहा. मुलाने वजाबाकी चुकवली. एक मास्तर म्हणतात, "अरे, डोके आहे की खोके?" दुसरे म्हणतात, "पुन्हा प्रयत्न कर, तू हुशार आहेस." तिसरे त्याच्या पाटीवर बोट ठेवून म्हणतात, "इथे हातचा घ्यायचा राहिला. दशकातून एक घे." पहिल्याने मुलाचा अपमान केला, दुसऱ्याने त्याला गोंजारले; पण वजाबाकी शिकवली ती तिसऱ्यानेच. रागावणे आणि शाबासकी देणे यांच्या वादात आपण इतके गुंततो, की मुलाला नेमके काय सांगायचे याची तयारी करायचीच राहून जाते. वुडन यांची सकाळ त्या तयारीत जाई. विद्यार्थी शिकला नाही तर शिक्षकाने शिकवले असे म्हणताच येणार नाही, असे त्यांचे मत होते.

अशा तालमीतून कोण कोण तयार झाले? सव्वासात फुटांच्या आसपास उंचीचा लू अल्सिंडर न्यूयॉर्कहून आला. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने तो जगभर गाजला. उंचावरून चेंडू कड्यात दडपण्याला १९६७ मध्ये महाविद्यालयीन खेळात बंदी झाली. ती त्याला आवरण्यासाठीच, असे बोलले गेले. त्याने तुझे बाकीचे कसब वाढेल, असे मास्तरांनी त्याला समजावले. ते वाढलेही. व्यावसायिक खेळातला सर्वाधिक गुणांचा त्याचा विक्रम १९८४ पासून २०२३ पर्यंत टिकला. आपल्या मास्तरांशी जडलेल्या पन्नास वर्षांच्या स्नेहावर त्याने २०१७ साली एक पुस्तक लिहिले.

बिल वॉल्टन हा दुसरा मोठा खेळाडू, थोडा बंडखोर. एकदा सुटीवरून दाढी वाढवून आला आणि हा माझा हक्क आहे म्हणाला. मास्तर शांतपणे म्हणाले, की स्वतःच्या मतावर ठाम राहणारी माणसे मला आवडतात. मात्र संघाला तुझी उणीव भासेल. वॉल्टन तडक दाढी करून आला. पण मला विशेष वाटतो तो स्वेन नेटर. हा वॉल्टनच्याच जागेवरचा राखीव खेळाडू. दोन वर्षांत एकाही सामन्याला सुरुवातीच्या पाचांत तो उतरला नाही. रोजच्या सरावात वॉल्टनशी झुंजायचे, एवढेच काम. तरीही १९७३ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत त्याचे नाव निघाले. बाकावर बसणाऱ्यालाही खेळणाऱ्याइतकेच शिकवले जात होते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता, हा माणूस देव नव्हता. सामन्याच्या वेळी हातात कागदाची गुंडाळी धरून ते पंचांना आणि विरुद्ध बाजूच्या खेळाडूंनाही टोचून बोलत, आणि ते बरे नव्हते असे पुढे स्वतःच म्हणत. त्यांच्या काळात एक धनिक हितचिंतक खेळाडूंना नियमाबाहेर मदत करीत असल्याची चर्चा होती. वुडन निवृत्त झाल्यावर, १९८१ साली, या संबंधांवरून विद्यापीठाला शिक्षाही झाली. मास्तरांनी तिकडे अधिक बारीक नजर ठेवायला हवी होती, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. स्वतः वुडन यांनी मात्र खेळाचा पैसा केला नाही. लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा पगार वर्षाला सहा हजार डॉलरपासून सुरू झाला आणि पस्तीस हजारांच्या वर कधी गेला नाही.

पराभवही त्यांच्या वाट्याला आले. १९ जानेवारी १९७४ रोजी नोटर डेम विद्यापीठाविरुद्ध त्यांचा संघ ७०-५९ असा पुढे होता. साडेतीन मिनिटे उरली होती. तेवढ्यात समोरच्यांनी लागोपाठ बारा गुण केले, सामना ७१-७० असा गेला, आणि ८८ विजयांची साखळी तुटली. त्या वर्षी विजेतेपदही गेले. पुढच्या वर्षी, ३१ मार्च १९७५ रोजी, केंटकी विद्यापीठाला ९२-८५ असे हरवून त्यांनी दहावे विजेतेपद मिळवले आणि त्याच सामन्यानंतर ते निवृत्त झाले. वय ६४. १९८५ साली पत्नी नेल वारली. त्यानंतर दर महिन्याच्या एकवीस तारखेला, तिच्या निधनाच्या तिथीला, ते तिला एक पत्र लिहून तिच्या उशीवर ठेवीत. ४ जून २०१० रोजी, शंभरी पुरी व्हायला चार महिने असताना, त्यांनी देह ठेवला. अखेरपर्यंत जुने विद्यार्थी त्यांच्या लहानशा घरी येत. कोणी वकील झालेला, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर. त्यांच्याशी बोलण्यात त्यांना सामन्यांच्या आठवणींपेक्षा अधिक गोडी वाटे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेत बास्केटबॉलचे मैदान असेल, नसेल. खो-खोचे दोन खांब असतील, किंवा तेही नसतील. पण उद्या सकाळी शाळेत जाण्यापूर्वी एक लहानसा कागद घ्या. आज काय शिकवायचे, किती मिनिटे, आणि कालच्या धड्यात मागच्या बाकावरच्या मुलाचे नेमके कुठे अडले होते, एवढे त्यावर लिहा आणि तो खिशात ठेवा. संध्याकाळी काय साधले नि काय राहिले ते मागच्या बाजूला टिपा. पुढच्या वर्षी तो कागद तुम्हांलाच उपयोगी पडेल. आणि तुमच्यापैकी जे पालक आहेत त्यांनी मुलाला निकालाच्या दिवशी किती मार्क मिळाले हे अवश्य विचारावे. पण त्याआधी, तुझ्याने होईल तितके तू केलेस ना, हेही विचारावे. त्याचे उत्तर मुलाला खरे खरे ठाऊक असते.